शुक्रवारी आलेली

गोकुळा मंगळवारी गेली. मला कळलं सोमवारी. चांद्याच्या लाकूड डेपोत मी चौकीदार आहे. त्या दुपारी आलापल्लीकडून सागवानाचा ट्रक आला. दसरू ड्रायव्हर खाली उतरला आणि नेहमीसारखा चहाच्या टपरीकडे गेला नाही. माझ्यापुढे उभा राहिला, डोक्यावरची टोपी काढली, परत घातली. म्हणाला, "मनसारामभाऊ, बाई गेली." मी विचारलं, "कोन बाई?" "तुयी. गोकुळाबाई. तुया साळ्यानं, वारलूनं, आलापल्लीपर्यंत सांगावा धाडला होता, तिथून मले भेटला." "कवा?" "आज सहा दिवस झाले म्हने. हिवताप होता." मी बरं म्हणालो. ट्रकमध्ये एकोणीस नग होते. ते मी उतरवून घेतले. प्रत्येक नगाच्या तोंडावर हातोड्यानं मारलेला शिक्का असतो, तो पाहिला. एक नग कमी वाटला म्हणून पुन्हा मोजले, एकोणीसच होते. दसरू तिथंच उभा होता. शेवटी तोच म्हणाला, "भाऊ, आता बस ना खाली," तेव्हा मी बसलो.

बसल्यावर मला रडू आलं नाही. मी ते सहा दिवस आठवू लागलो. मंगळवारी मी काय करत होतो? मंगळवारी डेपोत झिंगू मुकादम माझ्या डब्यात डोकावून म्हणाला होता, "का बे मनसाराम, नुसता भात? बायको पळाली का काय?" आणि मी म्हणालो होतो, "पळाली तं बरं झालं, चार दिस कान थंड." सगळे हसले होते. मीही हसलो होतो. ती त्या वेळी गेलेली होती की जायची होती, हे मला अजून ठाऊक नाही. वारलूला विचारलं तर तो म्हणाला, ऊन डोक्यावर आलं होतं. डेपोत डबे उघडतात तेही ऊन डोक्यावर आल्यावरच. बुधवारी मी तिच्यावर चिडलो होतो, कारण ती सुकी मासोळी कुठल्या मडक्यात ठेवून गेली ते सापडत नव्हतं. गुरुवारी शुकरीची वेणी घातली. मी जातीचा ढीवर, हाताला जाळ्याच्या गाठीची सवय. शुकरी आरशात पाहून म्हणाली, "ही वेणी नोहे बा, जाळं विनलं तू. माय येऊ दे, सांगतो तिले." मी म्हणालो, "सांग ना, भेतो का मी तिले?" असे सहा दिवस. त्या दिवसांत मी तिच्याशी मनात भांडलो, तिच्यासाठी बाजारातून बांगड्या घ्याव्यात असंही एकदा मनात आलं, आणि या सगळ्याला पलीकडून उत्तर द्यायला कोणी नव्हतं. माणूस मेलं हे कळेपर्यंत ते आपल्यासाठी जिवंत असतं असं लोक म्हणतात. मला तसं वाटत नाही. मला वाटतं त्या सहा दिवसांत मीच कुठे नव्हतो.

ती सिरोंच्याला भावाकडे गेली होती, दसऱ्यानंतर. निघताना म्हणाली, "वारलूले इचारून येतो. पोरीचं लगन काढाचं तं मामाले सांगा लागते." एवढंच. उन्हाळ्यात मूल गावाकडच्या, आमच्या नात्यातल्या शकुबाईनं शुकरीसाठी स्थळ आणलं होतं. पोर अकरा-बारा वर्षांची, एवढ्यात नको असं मी म्हणालो, पण शकुबाई म्हणाली, बोलून तर ठेवू. मग तिनं विचारलं, "पोरगी कोनाची सांगाची? तुमचीच ना?" गोकुळा चुलीपाशी होती. त्या दिवसापासून ती गप्प झाली. रांधायची, पाणी भरायची, पण एखादं काम अर्धं सोडून मध्येच शुकरीकडे पाहत बसायची. मी समजलो होतो. समजूनही मी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर बोलावं लागलं असतं. शुकरी आमची नाही. ती पलीकडची आहे, प्राणहितेच्या पलीकडची, आणि तिची आई एकदा तिला न्यायला आली होती. हे मला आणि गोकुळाला ठाऊक होतं. आता मला एकट्याला ठाऊक आहे.

हे सगळं पन्नास सालचं. पलीकडच्या मुलखात तेव्हा बंदुका चालत होत्या. आधी एकांच्या, मग दुसऱ्यांच्या. कोण कोणावर चालवत होतं ते मोठ्या माणसांनाही नीट सांगता येत नव्हतं, पोरांना तर नाहीच. गावं जळत, माणसं रानात पळत, आणि त्यातली काही पोरं कोणाच्या तरी हाताला धरून नदीवर येत. मी तेव्हा डोंगा चालवत होतो. पलीकडच्या काठावर वाळूत चार पोरं बसलेली दिसायची, डोंगा जवळ आला तरी उठायची नाहीत. उचलून आत ठेवावी लागायची. सिरोंच्यात मोहफुलांचं एक रिकामं गोदाम होतं, त्यात नागपूरच्या एका मदत समितीनं या पोरांसाठी छावणी उघडली. घोंगड्या आल्या, हिवतापावरच्या कुनैनच्या गोळ्या आल्या, दुधाच्या पावडरीचे डबे आले. मला चौकीदार केलं, कारण मला तेलुगू येत होतं, आणि गोकुळाला रांधणारी. पावडरीचं ते पांढरं पाणी पाहून पोरं तोंड फिरवायची. समितीच्या बाया यायच्या, चांगल्या होत्या बिचाऱ्या, पदर खोचून पोरांच्या पुढे बसायच्या आणि म्हणायच्या, "पी रे बाळा, पी." बाळ ओठ घट्ट मिटून घ्यायचं. मग गोकुळा ती पावडर तांदळाच्या पेजेत कालवायची, मीठ टाकायची आणि कोणाला सांगायची नाही. पोरं पेज प्यायची. समितीच्या कागदावर लिहिलं गेलं की मुलं दूध घेतात. गोदामाला मोहाचा वास होता, भिंतींत मुरलेला. आजही कुठं मोह वाळत घातलेला दिसला की मला आधी पोरं आठवतात, मग दारू.

नावांचं काम बाबूकडे होतं. नागपूरचा माणूस, गोरा, सज्जन, डासांनी हैराण झालेला. पहिल्या दिवशी पोरांना रांगेत बसवून तो विचारू लागला, नाव काय, बापाचं नाव काय, गाव कोणतं. मी तेलुगूत विचारायचो. पोरं बोलायची नाहीत. जी बोलली ती बापाला अय्या म्हणाली नि आईला अव्वा, यापलीकडे त्यांना ठाऊक नव्हतं. बाकीची भिंतीला पाठ लावून दाराकडे पाहत. बाबूनं टाक खाली ठेवला आणि म्हणाला, "मनसाराम, रकाना कोरा ठेवता येत नाही रे. काय लिहू?" आणि मी सांगितलं. मीच सांगितलं. म्हणालो, "साहेब, आमच्याकडं पोरगं ज्या वारी होते त्या वाराचं नाव ठेवतात. मंगळवारी झाला तो मंगरू, बुधवारचा बुधा. हे ज्या वारी आले त्या वाराचं लिवा." बाबूला ते पटलं. हसला, म्हणाला, "वा, तुमच्याकडं सोपं आहे." मला बरं वाटलं होतं. छावणीत तीन मंगरू झाले, दोन बुधा, एक सोमी. आमच्या मनात वाईट काही नव्हतं. आमच्याकडे तान्ह्या पोराला तसंच नाव देतात, ते नाव घेऊन ते मोठं होतं, त्याच नावानं जळतं. पण ही पोरं तान्ही नव्हती. त्यांना आधीच नावं होती आणि ती नावं घेऊन कोणी तरी रानातून त्यांना हाका मारत फिरत होतं, हे माझ्या ध्यानात आलं नाही. कसं आलं नाही? हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. मला वाटतं, त्यांना न्यायला कोणी येईल असं मला तेव्हा वाटतच नव्हतं.

शुकरी शुक्रवारी आली. फाल्गुनात. एका म्हाताऱ्यानं तिला डोंग्यात ठेवलं आणि म्हणाला, ही वाटेत सापडली, ही कोणाची मला ठाऊक नाही, आणि तो मागे वळून रानात गेला. चार वर्षांची असेल. डोंग्यात तिनं दोन्ही हातांनी काठ धरला होता आणि डोळे मिटून घेतले होते. मी म्हणालो, घाबरू नको बिड्डा, लेकरा, पाणी थोडं आहे. तिनं डोळे उघडले नाहीत. पुढे अकरा महिने ती बोलली नाही. बाकीची पोरं हळूहळू बोलायला लागली, भांडायला लागली, मराठी शिव्या शिकली. त्यांचा एक खेळ होता. एकानं जमिनीवर पडायचं, हलायचं नाही, आणि बाकीच्यांनी त्याच्यावर सागाची पानं टाकायची. सगळं अंग झाकलं की खेळ संपला. रडायचं नाही, हाच नियम. शुकरी त्या खेळात पडायची नाही, पानंही टाकायची नाही. ती दाराशी उभी राहून वाटेकडे नजर ठेवायची. ते काम तिचं. एका दुपारी मी पाण्याची कावड घेऊन आलो तर पोरांच्या घोळक्यात गोकुळा पडलेली. पानांतून तिचे नुसते पाय दिसत होते, तळव्यांना चुलीची राख. ती हलत नव्हती. माझ्या हातून कावड सुटली. मी ओरडलो. तेव्हा ती पानं झटकून उठली, हसायला लागली, "अवो, काऊन बोंबलता? पोरायच्या खेळात मी माय झालतो." पोरं मात्र हसली नाहीत. ती आमच्याकडे पाहत राहिली, आम्ही खेळ मोडला म्हणून. वारलूच्या घरी मी पोचलो तेव्हा तिला नदीवर नेऊन सहा-सात दिवस होऊन गेले होते. मी तिचं तोंड पाहिलं नाही. मला पाहायला मिळाले ते पाय, त्या दुपारचे.

आमची तीन मुलं गेली होती. दोन पोटातच, एक सव्वा महिन्याचं. त्याबद्दल गोकुळा बोलायची नाही. छावणीत आल्यावर तिचा आवाज मोठा झाला, चालणं बदललं. सत्तावीस पोरांना ती ओरडायची, त्यांच्या उवा काढायची, डोक्याला मोहाचं तेल लावायची. तसं तेल लावताना एक दिवस शुकरी बोलली. गोकुळा धावत माझ्याकडे आली, हात तेलकट, श्वास लागलेला. "अवो, बोलली! बोलली पोरगी!" मी म्हणालो, "काय बोलली?" "मी मराठीतच बडबडत होतो, शुकरे मान खाली घाल, शुकरे हलू नोको. तं म्हने, शुकरी नोहे. राजव्वा. आन गाव मल्लमपेट. आन घरापाशी चिंच हाय म्हने, चिंचेखाली पान्याची हीर." तेलुगू ती माझ्यापेक्षा कमी समजायची, पण हे तिला सगळं समजलं होतं. मी म्हणालो, "बाबूले सांगतो." ती म्हणाली, "सांगजा ना. उद्या सांगजा. आज तिले जेवू द्या पोटभर." दुसऱ्या दिवशी बाबू आलापल्लीला गेला होता. तिसऱ्या दिवशी होता, पण त्याला ताप होता. चौथ्या दिवशी त्याला ताप नव्हता. गोकुळानं विचारलं नाही, मीही काही सांगितलं नाही. आम्ही दोघांनी मिळून काही ठरवलं असं नाही. आम्ही त्यावर एक शब्द बोललो नाही. नुसतं रोज उद्यावर गेलं. त्या दिवसांत समितीनं कळवलं होतं की ज्यांचं गाव कळलं त्यांना परत पाठवायचं, ज्यांचं कळलं नाही ती नागपूरच्या अनाथालयात जातील, किंवा कोणा चांगल्या घरानं मागितली तर त्या घरी. गोकुळानं त्या दिवशी झोपडीला नवं शेण सारवलं.

ती बाई बावन्न सालच्या उन्हाळ्यात आली. नदी गुडघाभर होती, चालतच आली असेल. तीस वर्षांची असेल, दिसायला पन्नाशीची. एकटी. छावणीच्या कुंपणाशी उभी राहिली आणि मला म्हणाली, माझी बिड्डा आहे का इथे? मी विचारलं नाव. ती म्हणाली, राजव्वा. तिनं हात जमिनीपासून वर धरून दाखवला, एवढी होती. मग तोच हात थोडा आणखी वर नेला, कारण मध्ये वर्षं गेली होती. मी तिला बाबूकडे नेलं. बाबूनं वही काढली, बोट फिरवत पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. सोमी, मंगरू एक, मंगरू दोन, मंगरू तीन. बाई ऐकत होती. तिला ती नावं कळत नव्हती, पण ती प्रत्येक नावाला मान हलवायची, जणू विसरलं तर पाप लागेल. बाबू म्हणाला, "राजव्वा नाही. तरी पोरं बाहेर बोलाव, पाहू दे तिला." पोरं रांगेत आली. ती एकेकाच्या पुढे बसली, हनुवटी धरून तोंड वर केलं, एका पोराच्या कानामागे पाहिलं, पुढे सरकली. सव्वीस झाली. बाबूनं विचारलं, "सगळे आहेत ना रे?" मी म्हणालो, "एक नाई साहेब. तिले माता आलेली हाय. ती आमच्या झोपडीत हाय." "कोण ती?" "शुकरी." बाबूनं वहीत पाहिलं. "शुकरी. हिची राजव्वा." आणि वही मिटली. त्याची चूक नव्हती. वहीत जे होतं ते त्यानं वाचलं.

माता आली की आमच्याकडे आणि पलीकडेही घराच्या दाराला कडुनिंबाचा डहाळा लावतात. परक्यानं आत जायचं नाही, आतलीनं बाहेर पाहायचं नाही, पोराला नावानं हाक मारायची नाही. देवी आलेली असते, ती पाहुणी आहे, तिचा मान ठेवायचा. गोकुळा सहा दिवस आत बसून होती, निंबाच्या पाल्यानं पोरीला वारा घालत. ती बाई परत निघाली तेव्हा तिची वाट आमच्या झोपडीवरून गेली. मी तिच्या मागे चार पावलांवर होतो. दारातला डहाळा पाहून ती थांबली. मला वाटलं, आता ही आत जाईल. मला हेही कळत होतं की ती आत गेली तर मी तिला अडवणार नाही. तेवढं तरी मी ठरवलं होतं. पण तिनं पदर डोक्यावर ओढला, चप्पल नव्हतीच पायांत, तरी पाय मातीला पुसले, आणि हात जोडून दाराला नमस्कार केला. कोणाच्या तरी लेकराला बरं कर, असं काहीतरी पुटपुटली. मग वाट सोडून, झुडपातून वळसा घेऊन गेली, आपली सावली त्या दारावर पडू नये म्हणून. आतून काही आवाज आला नाही. कुंपणापाशी तिनं मला पुन्हा विचारलं, नक्की नाही ना? मी म्हणालो, "लेदु." नाही. तिच्या भाषेत एका शब्दात सांगता येतं. ती नदीकडे गेली. वाळूत तिची पाठ पुष्कळ वेळ दिसत होती, तिकडे झाडं नाहीत. मी झोपडीत आलो. गोकुळा म्हणाली, "कोन होतं?" मी म्हणालो, "कोनी नाई." तिनं पाला हलवायचं थांबवलं नाही. तिनं सगळं ऐकलं होतं, कुडाच्या भिंतीला कान लागतोच. पोरगी झोपली होती की नव्हती, हे मी कधी विचारलं नाही.

छावणी बंद झाली. समितीनं कागद करून दिला, शुकरी, गाव अज्ञात, मनसाराम व गोकुळा यांचे स्वाधीन. बाबूनं माझ्यासाठी चांद्याला डेपोत शब्द टाकला. आम्ही नदी सोडली. मी, ज्याच्या आज्यापासून पाण्यावर पोट, लाकडं मोजू लागलो. गोकुळा म्हणायची, चांगलं हाय, इथी पानी दूर हाय. रामाळा तलावाकडे ती कधी फिरायला आली नाही. आम्ही सुखात होतो. हे मी लिहितो आहे ते खोटं नाही. शुकरी शाळेत जायला लागली, पाढे म्हणायची, तेलुगू विसरली. कोळशाच्या खाणीत कामाला जाणारे तेलुगू लोक जटपुऱ्याच्या दरवाजातून बोलत जायचे, तेव्हा गोकुळा पोरीचा हात धरून दुसऱ्या बाजूला व्हायची. एकदा बाजारात एक बाई आपल्या पोरीला ओरडली, राजव्वा, ये इकडे. आम्ही तिघंही उभे होतो, वांगी घेत होतो. शुकरीनं मान वळवली नाही. गोकुळानं वळवली. मीही वळवली. मग आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही, वांगी निवडत राहिलो, आणि घरी आल्यावर पाहिलं तर निम्मी किडकी होती.

दसरूनं सांगितल्यावर मी शुकरीला घेऊन ट्रकनंच सिरोंच्याला गेलो. आष्टीला वैनगंगा ओलांडताना ती मला चिकटून बसली, डोळे मिटून. माय गेली हे तिला मी ट्रकमध्ये सांगितलं. तिनं विचारलं, "मंग आपन कुठी जाऊन राह्यलो?" मी म्हणालो, "मामाकडं." "माय तं नाई ना तिथी." "नाई." मग ती रडली, आणि रडता रडता झोपली. दहाव्याला आम्ही घाटावर होतो. वारलू, माझा साळा, मला भाटो म्हणतो, मितभाषी माणूस. पिंडाला कावळा शिवायची वाट पाहत आम्ही वाळूत बसलो होतो. कावळा येत नव्हता. तेव्हा तो बोलला. "भाटो, बाई इथी आली ते लगनाचं इचारासाठी नाई आलती. दुसऱ्याच दिशी मुखरूच्या डोंग्यात बसून पलीकडं गेली. मी म्हनलो, काऊन? तं म्हने, काम हाय. सांजी परत आली. पुना दोन दिसांनी गेली. तवा रानात राहा लागलं तिले, पान्यात भिजली. ताप घेऊनच आली." मी विचारलं, "काय म्हने?" वारलूनं वाळूत बोटानं रेघ ओढली. "मल्लमपेट गावली तिले. चिंच हाय, हीर हाय. तिथली ती बाई जिती हाय, एकटी राह्यते. तिच्या घरी पानी पेली आपली बाई. बसली घडीभर. पन सांगनं झालं नाई तिच्यानं. तशीच उठून आली. मले म्हने, माह्यानं झालं नाई रे वारलू, तुया भाटोले सांगजा. त्यायले जमते तिकडची बोली." मी पिंडाकडे पाहत राहिलो. वारलू म्हणाला, "शेवटच्या दिशी बडबडे तापात. पोरायचे वार म्हने. सोम, मंगळ, बुध. मंगळ, मंगळ."

कावळा मग केव्हातरी शिवला. मी मनात काय म्हणालो असेन ते वारलूनं ओळखलं की नाही, ठाऊक नाही. लोक म्हणतात, मेलेल्याची इच्छा पुरी करू असं कबूल केलं की कावळा शिवतो. मी कबूल केलं. शुकरी थोड्या दूर पाण्याच्या कडेला उभी होती, फ्रॉक गुडघ्याशी धरून, घोट्यापर्यंत पाण्यात. नदी उतरली होती. डोंगा पलीकडे जायला निघाला होता, त्यात दोन बाया, एक बकरी. मुखरूनं मला ओळखलं, वल्हं उचलून ओरडला, "मनसारामभाऊ! येतं का? दोघायले जागा हाय!" मी उठलो. शुकरीच्या खांद्यावर हात ठेवला. तिनं वर पाहिलं, "बा, माय त्या काठी कायले जात होती?" तिनं ऐकलं होतं, वारा आमच्याकडून तिच्याकडे होता. किती ऐकलं होतं? मी म्हणालो, "मासोळी आनाले." ती म्हणाली, "मासोळी तं याही काठी भेटते ना?" मुखरू थांबला होता. बकरी ओरडत होती. मी हात हलवून मुखरूला सांगितलं, जा. तो गेला. वाळूत वल्ह्याचा ओरखडा राहिला, त्यात पाणी भरलं.

आता माघ आहे. मी डेपोत जातो. झिंगू मुकादम आता थट्टा करत नाही, माझ्या डब्यात आपली भाजी टाकतो. शुकरी रांधायला शिकली. गोकुळासारखंच मीठ जास्त. शकुबाई परत येऊन गेली, पोरगी कोणाची सांगायची ते पुन्हा विचारून गेली, आणि मी म्हणालो, दम धर बाई. घरी परत आलो की कधी कधी दाराबाहेर थांबतो. आत शुकरी एकटी आपल्याशीच काहीतरी बोलत असते, अभ्यासाचं असेल. मला वाटतं ती तेलुगूत बोलते आहे. आत जाऊन ऐकलं तर मराठी असतं. परवा तिनं पाटीवर सातही वार लिहिले, शुक्रवारावर बोट ठेवलं आणि विचारलं, "बा, मी शुकरवारी झालतो ना?" मी म्हणालो, "शुकरवारी आली तू." ती म्हणाली, "झाली आन आली एकच ना?" मी चुलीत लाकूड सारलं. तिनं पाटी पुसली. एकाच ओल्या फडक्यानं तिनं सगळे वार पुसले.

मल्लमपेटची ती बाई जिवंत आहे. कुंपणापाशी पुन्हा विचारताना ती माझ्याकडे ज्या नजरेनं पाहत होती, ती नजर मला लोकांच्या डोळ्यांत दिसते, डेपोत, टपरीवर, कोणाच्याही. नदीला आता उतार आहे, ज्येष्ठापर्यंत राहील. सुट्टी मागितली तर मिळेल, दसरू फुकट नेईल. तिकडची बोली मला येते. मी अजून गेलो नाही. शुकरीला तिचं नाव अजून सांगितलेलं नाही.